सोमलाचा माग काढणारा डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात विष घालून खून करणाऱ्याला फारशी भीती नव्हती. पांढरा सोमल, म्हणजेच आर्सेनिकचे ऑक्साइड, उंदीर मारण्यासाठी म्हणून औषधविक्रेत्याकडे सहज मिळे. त्याला वास नाही, चव जवळजवळ नाही. गरम दुधात, कॉफीत किंवा रश्शात तो मिसळला तर कोणाला कळणार नाही. पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा आणि पायांत गोळे येत. हीच लक्षणे पटकीची, साध्या हगवणीचीही. घरातला वडीलधारा माणूस दोन दिवसांत गेला, तर डॉक्टर पोटाचा विकार असे लिहून मोकळे होत. फ्रान्समध्ये तर लोक सोमलाला थट्टेने वारसाहक्काची पूड म्हणत. संशय आला तरी तो न्यायालयात सिद्ध करण्याचे साधन नव्हते. हे साधन घडवण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस म्हणजे मॅथ्यू ऑर्फिला. आजच्या विषशास्त्राचा पाया त्याने घातला.

ऑर्फिलाचा जन्म 24 एप्रिल 1787 रोजी भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावर, माहोन या बंदरात झाला. वडील व्यापारी होते. मुलाने जहाजावर जावे असे घरच्यांना वाटे आणि त्याने काही काळ समुद्रप्रवास केलाही. पण त्याचा जीव वैद्यक आणि रसायनशास्त्रात रमला. व्हॅलेन्सिया आणि बार्सिलोना इथे तो शिकला. हा मुलगा हुशार आहे हे पाहून बार्सिलोनाच्या व्यापारी मंडळाने त्याला विद्यावेतन दिले. पॅरिसला जायचे, रसायनशास्त्र शिकायचे आणि परत येऊन ते बार्सिलोनात शिकवायचे, असा करार होता.

1807 मध्ये तो पॅरिसला पोहोचला. पुढच्याच वर्षी नेपोलियनचे स्पेनशी युद्ध जुंपले. विद्यावेतन बंद झाले आणि फ्रान्सच्या राजधानीत हा तरुण शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. वोकलँ हा नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्याच्यासाठी जामीन राहिला आणि मार्सेलमधल्या मामाने पैशांची मदत केली, म्हणून त्याचे शिक्षण चालू राहिले. 1811 मध्ये तो डॉक्टर झाला. पोट भरण्यासाठी त्याने रसायनशास्त्राचे खासगी वर्ग सुरू केले. बोलण्यात लकब होती, गाण्याचा गळा उत्तम होता, पॅरिसच्या मैफलींत त्याला आग्रहाने बोलावणे येई. वर्गात गर्दी व्हायला वेळ लागला नाही.

अशाच एका वर्गात 1813 मध्ये त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. सोमल कसा ओळखायचा हे तो विद्यार्थ्यांना दाखवत होता. पाण्यात सोमल विरघळवून त्यात ठरावीक द्रव्ये टाकली की ठरावीक रंगाचा साका खाली बसतो, हे त्या काळच्या सगळ्या पुस्तकांत होते. त्याने पाण्याऐवजी कॉफी घेतली आणि निकाल तोच येईल असे सांगून ठेवले. साका बसला, पण रंग भलताच आला. मग त्याने इतर विषे आणि खाण्यापिण्याचे इतर पदार्थ घेऊन तेच करून पाहिले. बहुतेक वेळा पुस्तकातला निकाल आला नाही.

या फसलेल्या प्रयोगाचा अर्थ गंभीर होता. न्यायालयापुढे येणारे विष कधीच स्वच्छ पाण्यात नसते. ते उलटीत असते, अर्धवट पचलेल्या अन्नात असते, जठराच्या आवरणाला चिकटलेले असते. म्हणजे तोवर ज्या कसोट्यांवर माणसे फासावर चढली किंवा सुटली, त्या कसोट्या प्रत्यक्ष खटल्यात उपयोगाच्याच नव्हत्या.

ऑर्फिलाने लगेच एका प्रकाशकाशी करार केला आणि कामाला लागला. 1814 मध्ये त्याच्या विषांवरील ग्रंथाचा पहिला भाग निघाला आणि पुढच्या वर्षी काम पुरे झाले. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. खनिज, वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य विषांची माहिती त्यात एका पद्धतीने मांडली होती. प्रत्येक विषाचे रासायनिक गुणधर्म, शरीरावरचे परिणाम, शवविच्छेदनात दिसणाऱ्या खुणा, ओळखण्याच्या कसोट्या आणि उपचार, असा क्रम होता. यातले बरेचसे त्याने स्वतः प्रयोग करून तपासले होते. या प्रयोगांत कुत्र्यांचे फार हाल झाले. विष उलटून पडू नये म्हणून तो त्यांची अन्ननलिका बांधून टाकी. त्यावरून त्याच्यावर तेव्हाही टीका झाली. क्रौर्याचा मुद्दा होताच, शिवाय बांधलेल्या अन्ननलिकेमुळेच काही लक्षणे दिसत असतील अशी शंकाही घेतली गेली.

उपचारांच्या बाबतीतही त्याने ऐकीव गोष्टी मानल्या नाहीत. विषावर उतारा म्हणून घरोघरी आणि दवाखान्यांत जे जे दिले जाई, ते त्याने तपासले. बरेचसे उतारे निरुपयोगी निघाले. रसकापूर म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड हा क्षार पोटात गेला असेल, तर अंड्याचा पांढरा भाग ताबडतोब द्यावा, कारण त्यातली प्रथिने पाऱ्याला बांधून ठेवतात, हे त्याने दाखवले. 1818 मध्ये त्याने सामान्य लोकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. विषबाधा झालेल्या किंवा गुदमरलेल्या माणसाला डॉक्टर येईपर्यंत काय करावे, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले होते. त्या पुस्तकाची अनेक भाषांतरे झाली.

एव्हाना तो फ्रेंच नागरिक झाला होता. 1819 मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठात तो न्यायवैद्यकाचा प्राध्यापक झाला, 1823 पासून रसायनशास्त्राचा आणि 1831 मध्ये अधिष्ठाता. पुरलेली प्रेते तपासासाठी उकरून काढावी लागतात, त्याबद्दलचा शास्त्रीय ग्रंथ त्याने 1831 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिला. प्रेत किती दिवसांनी कसे कुजते, कोणत्या मातीत काय घडते आणि त्यातून पुरावा कितपत शिल्लक राहतो, हे त्यात होते. मोठ्या खटल्यांत त्याला बोलावणे येऊ लागले.

तरीही सोमलाचा प्रश्न पुरता सुटला नव्हता. उत्तर आले इंग्लंडमधून. 1833 मध्ये तिथे जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांना कॉफीतून सोमल दिल्याचा खटला चालला. वुलिच इथल्या शस्त्रागारातला रसायनज्ञ जेम्स मार्श याने सोमल असल्याचे शोधले, पण तो पिवळा साका ज्युरीसमोर येईपर्यंत बिघडून गेला. आरोपी सुटला आणि नंतर त्याने गुन्हा कबूल केला. चिडलेल्या मार्शने 1836 मध्ये नवी कसोटी प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त आणि गंधकाम्ल टाकायचे. आर्सेनिक असेल तर हायड्रोजनबरोबर आर्सिन वायू निघतो. तो वायू पेटवून ज्योतीसमोर थंड चिनी मातीची बशी धरली की तिच्यावर काळा, चकचकीत डाग पडतो. हा डाग जपून ठेवता येतो आणि न्यायाधीशांना डोळ्यांनी दाखवता येतो.

ऑर्फिलाने ही कसोटी उचलली आणि पुढे नेली. विष फक्त जठरात राहत नाही, रक्तातून यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयवांत जाते, हे त्याने 1839 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. त्याआधी जठरात काही सापडले नाही की तपास संपत असे. आता अवयव सुकवून, सोऱ्याबरोबर जाळून, उरलेल्या भागाची मार्शच्या उपकरणात परीक्षा करता येऊ लागली.

पण कसोटी जितकी सूक्ष्म, तितका नवा घोटाळा. बाजारातल्या जस्तात बहुधा थोडे आर्सेनिक असतेच, गंधकाम्लातही असू शकते. मग बशीवरचा डाग प्रेतातल्या विषाचा की बाटलीतल्या जस्ताचा? दफनभूमीच्या मातीतही आर्सेनिक असते. ते झिरपून शवपेटीत गेले नसेल कशावरून? आणि तिसरी, सर्वांत अवघड शंका ऑर्फिलानेच उभी केली. निरोगी माणसाच्या हाडांत आर्सेनिक मुळातच असते, असे त्याने आणि आणखी एका संशोधकाने जाहीर केले होते. ते खरे असेल तर प्रत्येक खटल्यात आरोपीचा वकील त्याचाच आधार घेणार होता.

या सगळ्या शंका एकाच खटल्यात एकत्र आल्या. मध्य फ्रान्समधल्या कोरेझ भागात शार्ल लाफार्ज नावाचा कारखानदार जानेवारी 1840 मध्ये मरण पावला. त्याची पत्नी मारी तेवीस-चोवीस वर्षांची होती. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. उंदरांसाठी म्हणून तिने सोमल विकत घेतला होता. सप्टेंबरमध्ये त्यूल गावी खटला उभा राहिला. आधीच्या डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने सोमल असल्याचे सांगितले होते, पण तपासणीत त्यांची काचनळीच फुटली होती. न्यायालयाने लिमोजच्या औषधनिर्मात्यांना नव्या कसोटीने परीक्षा करायला लावली. त्यांना जठरात काही सापडले नाही. प्रेत उकरून अवयव तपासले, तरी काही नाही. मारीने पाजल्या-खाऊ घातल्याचा आरोप असलेल्या पदार्थांत मात्र भरपूर सोमल होता. सरकारी पक्षाने पॅरिसहून ऑर्फिलाला बोलावले.

तो आला आणि त्याने न्यायालयाच्या इमारतीतच, दारे बंद करून, रात्रभर काम केले. आधीच्या तज्ज्ञांना त्याने समोर बसवून घेतले आणि त्यांचीच रसायने वापरली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले की प्रेताच्या अवयवांत आर्सेनिक आहे. ते रसायनांतून आलेले नाही, शवपेटीभोवतीच्या मातीतून आलेले नाही आणि शरीरात मुळात असणारेही नाही. मिळालेली मात्रा एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी होती. मारीला जन्मठेप झाली. बचाव पक्षाने फ्रांस्वा-व्हँसाँ रास्पेल या ऑर्फिलाच्या कट्टर विरोधकाला बोलावले होते, पण तो पोहोचला तेव्हा निकाल लागून गेला होता. इतक्या कणभर मात्रेवर एका बाईचे आयुष्य ठरवायचे का, हा रास्पेलचा सवाल होता, आणि आर्सेनिक सगळीकडेच सापडेल असे त्याचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये घराघरांत दोन तट पडले. मारी बारा वर्षांनी, 1852 मध्ये आजारी अवस्थेत सुटली आणि त्याच वर्षी वारली. अखेरपर्यंत तिने गुन्हा नाकारला.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. हाडांत मुळात आर्सेनिक असते, हे ऑर्फिलाचे मत इतर संशोधकांनी तपासले आणि त्यांना तसे काही मिळेना. विज्ञान अकादमीने समिती नेमली. तिलाही मिळाले नाही. 1841 मध्ये ऑर्फिलाला ते मत सोडावे लागले. देशातला सर्वांत मोठा तज्ज्ञ, ज्याच्या शब्दावर आदल्याच वर्षी जन्मठेप झाली होती, तो एका मूलभूत मुद्द्यावर चुकला होता. आजची उपकरणे सांगतात की आपल्या प्रत्येकाच्या शरीरात अन्नपाण्यातून आलेले आर्सेनिक अत्यल्प प्रमाणात असतेच. पण ते मार्शच्या कसोटीला दिसण्याइतके नसते. ऑर्फिलाला जे दिसले, ते बहुधा रसायनांतल्या भेसळीमुळे.

या वादातून न्यायवैद्यकाला शिस्त लागली. संशयित पदार्थ तपासण्याआधी नुसत्या रसायनांची कोरी चाचणी घ्यायची. प्रेताबरोबर दफनभूमीच्या मातीचाही नमुना घ्यायचा. मात्रा मोजायची, विष आहे किंवा नाही एवढ्यावर थांबायचे नाही. काम दुसऱ्या तज्ज्ञांच्या देखत करायचे आणि थोडा नमुना फेरतपासणीसाठी राखून ठेवायचा. यातल्या बऱ्याच गोष्टी ऑर्फिला स्वतः करत होता. विरोधकांनी त्या करणे सर्वांना भाग पाडले.

1848 च्या क्रांतीनंतर त्याचे अधिष्ठातापद गेले. 1850 मध्ये बेल्जियमच्या झाँ स्तास या रसायनज्ञाने एका खुनात तंबाखूतले निकोटिन प्रेतातून वेगळे काढून दाखवले आणि वनस्पतिजन्य विषांचाही माग लागू लागला. 12 मार्च 1853 रोजी ऑर्फिला पॅरिसमध्ये न्यूमोनियाने वारला. तोवर सोमलाचे खून बंद झाले नव्हते, पण विष घालणाऱ्याची निश्चिंती संपली होती.

त्याच्यापुढचे प्रश्न आपल्याकडे आजही जिवंत आहेत. पश्चिम बंगालच्या अनेक भागांत भूजलातच आर्सेनिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तिथल्या कित्येक विहिरींत ते त्याहून बरेच जास्त असते. अशा गावातल्या माणसाच्या केसांत आर्सेनिक सापडले, तर ते कोणी घातलेले की विहिरीतून आलेले? केवळ अहवालात आर्सेनिक आढळले एवढे लिहून भागत नाही. त्या भागातल्या इतरांच्या केसांत किती आहे, हेही पाहावे लागते. आपला पुरावा कायदा तज्ज्ञाच्या म्हणण्याला मत मानतो, निकाल नव्हे. 1872 च्या कायद्यात ही तरतूद कलम 45 मध्ये होती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम 39 मध्ये आहे. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की वकिलाने, न्यायाधीशाने आणि बातमी वाचणाऱ्या आपणही तीन गोष्टी विचाराव्यात: किती सापडले, कशात सापडले आणि कोऱ्या चाचणीत काय आले.