विश्लेषण : अंगठ्याने उघडणारे पुस्तक १९२३ मध्येच कसे तयार झाले? कोण होते एल लिसिट्स्की?

मोबाइलमधल्या बहुतेक ॲपमध्ये स्क्रीनच्या तळाशी चार-पाच चिन्हे असतात. अंगठा टेकवला की हवे ते पान उघडते. कागदावर ही युक्ती १९२३ मध्ये बर्लिनमध्ये छापलेल्या एका रशियन कवितासंग्रहात वापरली गेली होती. ती लढवणारे एल लिसिट्स्की शिक्षणाने चित्रकार नव्हते, वास्तुरचनाकार होते.

चित्रकलेऐवजी वास्तुरचना का?

लाझर लिसिट्स्की यांचा जन्म १८९० चा, रशियातल्या स्मोलेन्स्कजवळच्या पोचिनोक गावचा. कुटुंब ज्यू. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीने १९०९ मध्ये त्यांना प्रवेश नाकारला. झारच्या रशियात ज्यू विद्यार्थ्यांच्या जागांवर मर्यादा होती. मग ते जर्मनीत डार्मस्टाटच्या तंत्रविद्यालयात गेले. महायुद्ध पेटल्यावर १९१४ मध्ये परतले. पुढे १९१९ मध्ये मार्क शगाल यांनी त्यांना विटेब्स्कच्या कलाशाळेत छपाई आणि वास्तुरचना शिकवायला बोलावले. तिथेच मालेविच यांच्या चौकोन-वर्तुळांच्या अमूर्त चित्रांनी त्यांना झपाटले.

लहान मुलांसाठीचे त्यांचे ‘दोन चौकोन’ हे पुस्तक १९२२ मध्ये आले. त्यात सुरुवातीलाच मुलांना सूचना होती, की नुसते वाचू नका. कागद आणि ठोकळे घ्या, रंगवा, रचा.

‘आवाजासाठी’मध्ये वेगळे काय होते?

मायाकोव्हस्की यांच्या १३ कवितांचा हा संग्रह मोठ्याने वाचण्यासाठी होता. सभेत उभ्या असलेल्या माणसाला हवी ती कविता पटकन सापडली पाहिजे, ही खरी अडचण. लिसिट्स्की यांनी पानांच्या कडेला पायऱ्या कापल्या आणि प्रत्येक पायरीवर कवितेचे छोटे नाव व एक खूण छापली. पूर्वी घरोघरी फोन नंबरांची डायरी असायची, तिच्या कडेला अक्षरे असत. तसेच हे, फक्त कवितेसाठी.

आतली करामत याहून अवघड होती. तेव्हाच्या छपाईत शिशाचे खिळे चौकटीत आडवे-उभे बसवून घट्ट आवळावे लागत. एक ओळ तिरकी करायची तरी आजूबाजूच्या फटी तुकड्यांनी भरून काढाव्या लागत. लिसिट्स्की यांनी सगळी चित्रे छापखान्यातल्या खिळ्यांतून, रेघांतून आणि ठोकळ्यांतूनच उभी केली, तीही फक्त काळ्या आणि लाल शाईत. इंजिनीअरिंगच्या भाषेत, नवा सुटा भाग एकही नाही. बदलली ती फक्त जुळणी. गंमत म्हणजे जुळणी करणाऱ्या जर्मन कामगाराला रशियन येत नव्हते. लिसिट्स्की प्रत्येक पानाचे रेखाटन काढून देत आणि तो त्याबरहुकूम धातू रचत असे. शब्द कळत नसल्यामुळे त्याला आकारच दिसत असावेत, हे कदाचित पथ्यावरच पडले.

त्याच वर्षी ‘मेर्त्झ’ या नियतकालिकात त्यांनी टायपोग्राफीवर आठ मुद्द्यांचे टिपण लिहिले. त्याच्या शेवटी छापील पानाच्या पलीकडच्या विद्युत-ग्रंथालयाची कल्पना आहे. तेव्हा टीव्हीसुद्धा आलेला नव्हता.

आजारपणात काम थांबले का?

१९२३ च्या अखेरीस त्यांना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले. प्रतिजैविके अजून यायची होती. स्वित्झर्लंडच्या आरोग्यधामात राहण्याच्या खर्चाला हातभार म्हणून त्यांनी पेलिकन शाईच्या जाहिराती केल्या.

१९२५ मध्ये ते मॉस्कोला परतले. पुढे हॅनोवरच्या संग्रहालयासाठी त्यांनी एक दालन रचले. भिंतींवर उभ्या पट्ट्या होत्या. प्रेक्षक चालला की भिंत पांढरी, करडी, काळी दिसे. सरकत्या फळ्यांमुळे कोणते चित्र झाकायचे आणि कोणते उघडायचे हे प्रेक्षकच ठरवी. नाझींनी ते दालन मोडून टाकले.

मग प्रचाराचे काय?

इथे त्यांचे चरित्र अवघड होते. १९३२ पासून ते सोव्हिएत सरकारच्या ‘यूएसएसआर इन कन्स्ट्रक्शन’ या मासिकासाठी काम करू लागले. उलगडणारी पाने, भव्य छायाचित्रे, सगळे कौशल्य तेच. पण वाचकाने पान उलगडले तरी आत काय दिसणार, हे सरकारने आधीच ठरवलेले असे. १९३७ मध्ये, अटकसत्र ऐन भरात असताना, त्यांनी पत्नी सोफी यांच्यासह स्टालिनच्या राज्यघटनेवरचा अंक सजवला. पोटासाठी, भीतीने की विश्वासाने, यातले एकच कारण निवडणे सोपे नाही.

३० डिसेंबर १९४१ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. जास्त रणगाडे बनवा, असे सांगणारे युद्धकाळातले पोस्टर हे त्यांचे अखेरच्या दिवसांतले काम. सरकारसाठी इतके राबूनही घराला संरक्षण मिळाले नाही. सोफी जन्माने जर्मन, म्हणून १९४४ मध्ये त्यांना सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला हद्दपार करण्यात आले. पतीची पत्रे, लेख आणि चित्रे एकत्र करून त्यांनी सिद्ध केलेले पुस्तक १९६७ मध्ये ड्रेस्डेनहून प्रसिद्ध झाले.