पंप नसताना गरम पाणी वरच्या मजल्यावर कसं चढायचं? उत्तर एका हेराने पाहिलं होतं

युरोप-अमेरिकेतल्या थंड भागांत अनेक घरांना गरम पाण्याने ऊब मिळते. तळघरात बॉयलर, खोल्यांमध्ये लोखंडी रेडिएटर आणि मधे पाइप. जुन्या घरांत पंप नसायचा, तरी पाणी फिरायचं. ते का फिरतं, हे समजून घ्यायला काउंट रमफर्डची गोष्ट कामाला येते.

मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म १७५३, मॅसॅच्युसेट्समधलं वोबर्न. अमेरिकन क्रांतीत गडी ब्रिटिशांच्या बाजूने गेला, त्यांच्यासाठी हेरगिरी केली आणि बायको-मुलीला मागे सोडून निघून गेला. बायको पुन्हा भेटलीच नाही. पुढे बव्हेरियात त्याने सैन्य सुधारलं, गरिबांसाठी स्वस्त सूप शोधलं, म्युनिकची प्रसिद्ध इंग्लिश गार्डनही उभारली.

उष्णतेवर प्रयोग करताना त्याने अल्कोहोल भरलेला एक मोठा थर्मामीटर निवण्यासाठी खिडकीत ठेवला. ऊन पडलं आणि आतले धुळीचे कण दिसू लागले. ते मधोमध वर चढत होते आणि कडेने खाली उतरत होते. मग त्याने अंबराची पूड घातलेलं पाणी घेऊन मुद्दाम प्रयोग केले आणि १७९७ मध्ये निष्कर्ष छापले.

घरातही हेच घडतं. तापलेलं पाणी प्रसरण पावून हलकं होतं आणि परतीच्या पाइपातलं थंड, जड पाणी त्याला वर ढकलतं. रेडिएटरमध्ये उष्णता देऊन झाली की तेही जड होऊन बॉयलरकडे उतरतं. आग पेटती आहे तोवर चक्र चालू. आज हे काम बहुतेक ठिकाणी पंप करतो.

ही पद्धत रमफर्डने शोधली असं मात्र नाही. पॅरिसच्या बॉनमाँने त्याआधीच कोंबडीची अंडी उबवायला फिरतं गरम पाणी वापरलं होतं. शिवाय द्रवांतून उष्णतेचं वहन होतच नाही, हा रमफर्डचा दावा चुकीचा ठरला. वहन होतं, फक्त खूप हळू.

पुढे त्याने लाव्हाझिए या शास्त्रज्ञाच्या विधवेशी लग्न केलं. ते टिकलं नाही. एकदा त्याने तिच्या पाहुण्यांना बाहेर ठेवायला फाटकाला कुलूप लावलं, तेव्हा तिने त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. १८०९ मध्ये दोघं वेगळे झाले आणि १८१४ मध्ये पॅरिसजवळ ओतय इथे तो वारला.