विशेषणाची जागा

बँकेत पत्राचा मसुदा साहेबांपुढे ठेवला की ते आधी विशेषणांवर लाल रेघ मारीत. पुढे मी कादंबरी लिहायला बसलो आणि सारा सूड उगवून घेतला. माझी नदी एकाच वाक्यात शांत, गहन, निळी आणि रमणीय असे. वाचणारा बिचारा नदीपर्यंत पोचायचाच नाही! या खोडीतून मला सोडवले ते बालकवींनी.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातल्या धरणगावी झाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाच्या कविता ऐकून जाणती मंडळी थक्क झाली. बालकवी हे नाव त्यांना तिथेच मिळाले. पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी त्यांना घरच्यासारखी माया लाभली.

त्यांची ‘औदुंबर’ शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केली आहे. अवघ्या आठ ओळी. एकदा मी त्या बँकेच्या सवयीने तपासल्या, विशेषणांखाली रेघा ओढत. झऱ्याचे रंग झऱ्याच्या आधी येतात, कुरणाचा आणि डोहाचाही. गावाचे चिमुकलेपण मात्र गावानंतर येते आणि पायवाटेचा पांढरेपणा पायवाटेनंतर. वृत्ताची सोय त्यात असेलच. पण आधी वाट दिसते आणि मग ती डोळ्यांत उजळते, हेही खरे. आपण बोलताना हेच करतो. कंजूस म्हातारा म्हटले की नुसती ओळख होते. म्हातारा मोठा कंजूस म्हटले की शेवटच्या शब्दावर जीभ रेंगाळते.

आणि ज्याच्यासाठी ही कविता, त्या औदुंबराला रंगच दिलेला नाही! त्याची बैठक तेवढी दाखवली आहे. सगळे रंग आधी उधळून कवी नेमका तिथे हात आखडतो. या एका जागेने मला जे शिकवले, ते साहेबांच्या लाल रेघांनी शिकवले नव्हते. विशेषण वाईट नसते, त्याची जागा चुकते.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय सत्तावीस. या वाक्याला विशेषण जोडायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. दर वेळी खोडून टाकले.