एका डासामुळे विमानाला ४ इंजिनं लावली, पण हेलिकॉप्टरच्या शेपटीला पंखा एकच ठेवला. गोष्ट इगोर सिकोर्स्कीची

हेलिकॉप्टर म्हटलं की सगळ्यांचं लक्ष वरच्या मोठ्या पंख्याकडे जातं. शेपटीच्या टोकाला फिरणारा छोटा पंखा फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याला टेल रोटर म्हणतात. पण हेलिकॉप्टर शिकणाऱ्या पायलटला विचारा, धास्ती याच छोट्या पंख्याची जास्त असते.

२७ ऑक्टोबर २०१८ ची घटना आठवते का? इंग्लंडमधल्या लिस्टर सिटी फुटबॉल क्लबचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचं हेलिकॉप्टर स्टेडियममधून उडालं आणि काही क्षणांत गिरक्या घेत कोसळलं. ५ जणांचा जीव गेला. तपासात निघालं काय, तर टेल रोटरच्या कंट्रोलमधलं एक बेअरिंग जाम झालं होतं.

वर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा, ही रचना जगात रुजवणारा माणूस म्हणजे इगोर सिकोर्स्की. गंमत अशी की एकच भाग बिघडला म्हणून सगळं विमान पडू नये, यासाठी याच माणसाने आधी जगाला चक्रावून टाकणारं काम केलं होतं.

आईने दाखवलेलं स्वप्न

इगोर यांचा जन्म २५ मे १८८९ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या कीव्ह शहरातला. वडील मानसशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. आईचं वैद्यकीय शिक्षण झालेलं. तिनेच लहानपणी त्यांना लिओनार्दो द विंचीच्या उडत्या यंत्रांच्या कल्पना सांगितल्या. साधारण बाराव्या वर्षी पोराने रबराच्या पिळावर उडणारं छोटं हेलिकॉप्टर करून दाखवलं.

१९०९ मध्ये ते पॅरिसला गेले, २५ हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन आले आणि खरं हेलिकॉप्टर बांधायला घेतलं. ते जमिनीवरून हललंच नाही. पुढच्या वर्षीचं दुसरं यंत्र जेमतेम स्वतःचं वजन उचलू शकलं, पायलटचं नाही. या दोन्ही यंत्रांना शेपटीचा पंखा नव्हता. एकावर एक असे दोन पंखे होते आणि ते उलट दिशांना फिरायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

इंजिनं अजून पुरेशी ताकदीची नाहीत हे ओळखून सिकोर्स्की विमानांकडे वळले. १९११ मध्ये त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं, नंबर ६४.

एक डास आणि ४ इंजिनं

त्याच सुमाराला उडताना त्यांच्या विमानाचं इंजिन अचानक बंद पडलं. कसंबसं विमान खाली उतरवावं लागलं. कारण शोधलं तर एक डास इंधनाच्या बारीक वाटेत अडकला होता. एवढ्याशा डासाने माणसाचा जीव धोक्यात घातला होता.

यातून सिकोर्स्कींनी धडा घेतला. इंजिन एकच असेल तर ते बंद पडलं की खेळ खलास. मग इंजिनं जास्त का नकोत? तेव्हा अनेकांना ही कल्पना वेडेपणाची वाटली. १९१३ मध्ये त्यांचं ४ इंजिनांचं प्रचंड विमान उडालं. त्यानंतरचं 'इल्या मुरोमेत्स' १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून कीव्हला जाऊन परत आलं. पहिल्या महायुद्धात रशियाने हेच विमान बॉम्बर म्हणून वापरलं.

अमेरिकेत पुन्हा शून्यापासून

१९१७ ला रशियात क्रांती झाली. सिकोर्स्की देश सोडून आधी फ्रान्सला आणि १९१९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. महायुद्ध संपल्यामुळे विमान कंपन्यांत काम नव्हतं. जगातलं पहिलं ४ इंजिनांचं विमान बनवणारा माणूस रशियन स्थलांतरितांना गणित शिकवून पोट भरत होता.

१९२३ मध्ये त्यांनी लाँग आयलंडवर कंपनी काढली. कामाची जागा म्हणजे एका मित्राचं कोंबड्यांचं फार्म. पैशांची चणचण इतकी की प्रसिद्ध संगीतकार रखमानिनोव यांनी ५,००० डॉलर दिले तेव्हा गाडं पुढे सरकलं.

१९२६ मध्ये मोठा धक्का बसला. न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडण्यासाठी त्यांनी एस-३५ हे विमान बांधलं होतं. पूर्ण वजन भरून पुरेशा चाचण्या होण्याआधीच ते धावपट्टीवर आणलं गेलं. विमान उडालंच नाही, पेटलं, आणि आतल्या दोघांचा मृत्यू झाला. तरी कंपनी टिकली आणि पुढे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांमुळे नावारूपाला आली.

शेपटीला पंखा लागतोच कशाला?

१९३८ मध्ये मोठ्या विमानांचा विभाग बंद व्हायची वेळ आली, तेव्हा सिकोर्स्कींनी मालक कंपनीकडे एकच मागणी केली. हेलिकॉप्टरवर काम करू द्या.

आता थोडं विज्ञान. इंजिन वरचा पंखा एका दिशेला फिरवतं, तेव्हा खालचा सांगाडा उलट दिशेला फिरू पाहतो. त्याला थोपवलं नाही तर पायलट भोवऱ्यासारखा फिरत राहील. उपाय दोन. एक तर दोन मोठे पंखे उलट दिशांना फिरवायचे. जर्मनीतल्या तेव्हाच्या यशस्वी हेलिकॉप्टरला असेच दोन पंखे होते. किंवा शेपटीला आडवा जोर लावणारा छोटा पंखा बसवायचा.

दुसरी कल्पना एकट्या सिकोर्स्कींची नव्हती. रशियातल्याच बोरिस युरिएव यांनी ती १९१२ मध्ये मांडली होती. सिकोर्स्कींनी १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ती प्रत्यक्षात चालवून दाखवली. यंत्र सुटसुटीत होत होतं, वजन वाचत होतं. पण किंमतही होती. सगळा तोल शेपटीकडे जाणाऱ्या एका लांब शाफ्टवर, त्याच्या गिअरबॉक्सवर आणि एका छोट्या पंख्यावर आला.

शिकवायलाच कोणी नव्हतं

१४ सप्टेंबर १९३९ ला कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्डमध्ये व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलं. इंजिन ७५ हॉर्सपॉवरचं, उड्डाण काही सेकंदांचं. चालवत होते स्वतः सिकोर्स्की. वय ५०, डोक्यावर नेहमीची हॅट.

अडचण अशी की हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारा कोणी नव्हता. सिकोर्स्की आणि त्यांचे सहकारी यंत्र बांधता बांधताच ते चालवायला शिकत होते. म्हणून यंत्राला दोर बांधले, खाली वजनं लटकवली. तरीही डिसेंबरमध्ये वाऱ्याच्या झोताने ते उलटलं आणि मोडलं. १३ मे १९४० ला पहिल्यांदा दोर सोडून उड्डाण झालं.

मधल्या काळात शेपटीला एक नाही, ३ पंखे लावून पाहिले. पुढे जाताना तोल सांभाळत नव्हता. असे कितीतरी बदल करत १९४१ च्या शेवटी ते पुन्हा एका टेल रोटरवर आले. जानेवारी १९४२ मध्ये एक्सआर-४ उडालं. त्यातूनच आर-४ हे मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं अमेरिकन हेलिकॉप्टर आलं. दोन सीट शेजारी शेजारी, एक गुरूची, एक शिष्याची. अमेरिकन लष्कराचे आणि कोस्ट गार्डचे सुरुवातीचे पायलट यावरच तयार झाले.

टेल रोटर गेला तर पायलट काय करतो?

बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे. शाफ्ट किंवा गिअरबॉक्स तुटून पंखाच थांबतो, किंवा पंखा फिरत राहतो पण पायलटच्या पेडलचं ऐकत नाही.

हेलिकॉप्टर जमिनीजवळ एका जागी तरंगत असताना पंखा थांबला, तर लगेच इंजिनाची ताकद काढून घ्यायची. ताकद गेली की फिरवणारा जोरही जातो. मग वरच्या पंख्यात उरलेल्या वेगावर टेकायचं. वेगात पुढे जात असताना बिघाड झाला तर थोडी मुभा मिळते, कारण शेपटीवरून वाहणारी हवा हेलिकॉप्टर सरळ ठेवायला मदत करते. पेडल अडकलं असेल तर बऱ्याचदा विमानासारखं घसरत उतरता येतं.

कागदावर सोपं वाटतं. पण गिरकी सुरू झाल्यावर विचार करायला एक-दोन सेकंदच मिळतात. शिवाय शिकाऊ पायलटचे पाय अजून पेडलला सरावलेले नसतात. सरावातही धोका असतोच. इंजिनाशिवाय उतरण्याचा सराव करताना नाक वर उचलावं लागतं. तेव्हा शेपटी सगळ्यात खाली येते, आणि अंदाज थोडा चुकला की टेल रोटरच जमिनीवर आपटतो. म्हणूनच पंखा पूर्ण बंद पडण्याचा प्रसंग आज मुख्यतः सिम्युलेटरमध्ये शिकवला जातो. हवेत गुरुजी शेजारी बसून फक्त पेडल अडकल्याचं नाटक करतात.

मग हा सौदा योग्य होता का?

याचं उत्तर हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहे. एप्रिल १९४४ मध्ये बर्मात जपानी फौजांच्या मागे एक छोटं विमान पडलं. पायलट आणि ३ ब्रिटिश सैनिक अडकले. आपल्या आसाममधल्या लालाघाटच्या तळावरून निघालेल्या कार्टर हर्मन या पायलटने आर-४ च्या सुरुवातीच्या आवृत्तीतून त्यांना बाहेर काढलं. हेलिकॉप्टरमध्ये एका वेळी एकच माणूस बसत होता, म्हणून ४ खेपा केल्या. लढाईत हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते.

भारतीय हवाई दलाचं पहिलं हेलिकॉप्टरही सिकोर्स्कीचंच, १९५४ मध्ये आलेलं एस-५५. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा तळावरून उडालेली नौदलाची 'सी किंग' हेलिकॉप्टरं ब्रिटनमध्ये बनली, पण मूळ डिझाइन सिकोर्स्की कंपनीचं.

इगोर सिकोर्स्कींचं निधन २६ ऑक्टोबर १९७२ ला झालं. जिथे विमान उतरू शकत नाही तिथून माणसं उचलणारं यंत्र त्यांनी मागे ठेवलं. टेल रोटरचा प्रश्नही मागे ठेवला. त्यावर उत्तरं शोधणं सुरूच आहे. कुणी शेपटीचा पंखा गोल कवचात बंद केला, कुणी पंखा काढून हवेचा झोत वापरला. आणि खुद्द सिकोर्स्की कंपनीने २००८ मध्ये उडवलेल्या एक्स-२ ला काय होतं? एकावर एक असे, उलट दिशांना फिरणारे दोन पंखे. कीव्हमधल्या विशीतल्या पोराने १९०९ मध्ये बांधले होते, अगदी तसेच.