येवगेनी झाम्यातिन

अनियंत्रित सत्तेखालीं प्रजेची काय अवस्था होते, हें विज्ञानकथेच्या रूपानें जगास दाखविणाऱ्या आरंभीच्या लेखकांत येवगेनी झाम्यातिन याची गणना होते. त्याचा जन्म १८८४ सालीं रशियांतील लेबेद्यान या लहानशा गांवीं झाला. वडील धर्मोपदेशक होते. आई पियानोवादनांत निपुण होती. मुलगा अभ्यासांत हुशार निघाला व सेंट पीटर्सबर्ग येथें जहाजबांधणीचें शास्त्र शिकूं लागला.

त्या काळीं रशियांत झारचा अंमल होता. तरुण झाम्यातिन बोल्शेव्हिक पक्षास मिळाला. १९०५ च्या क्रांतींत त्यास तुरुंगवास घडला. पुढें हद्दपारीही भोगावी लागली. १९१६ सालीं बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठीं तो इंग्लंडांत गेला. झारची सत्ता उलथल्यावर, १९१७ सालीं, तो मायदेशीं परतला.

परंतु नवे सत्ताधारीही भिन्न मत सहन करीनात. ज्या पक्षासाठीं तुरुंग भोगला, त्याच्या दोषांविषयीं मौन धरावें कीं सत्य बोलावें, असा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला. त्यानें सत्याचा मार्ग पत्करला आणि १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. तींतील भावी राज्यांत माणसांस नांवें नाहींत, केवळ क्रमांक आहेत. घरांच्या भिंती कांचेच्या आहेत. शास्ता दरवर्षीं एकमतानें निवडला जातो. कथानायक अंतराळयान बांधणारा यंत्रज्ञ आहे. शेवटीं शस्त्रक्रियेनें त्याची कल्पनाशक्तीच काढून टाकण्यांत येते.

मायदेशीं हा ग्रंथ छापूं दिला गेला नाहीं. १९२४ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्क येथें निघालें. १९२९ सालीं झाम्यातिनवर टीकेचा भडिमार झाला व प्रकाशकांचीं दारें त्यास बंद झालीं. तेव्हां १९३१ सालीं त्यानें प्रत्यक्ष स्टॅलिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. गॉर्कीच्या मध्यस्थीनें ती मिळाली. १९३७ सालीं तो पॅरिस येथें वारला. त्याच्या देशांत ही कादंबरी १९८८ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एक्कावन्न वर्षांनीं, छापली गेली.

जॉर्ज ऑर्वेलनें आपली '१९८४' ही प्रसिद्ध कादंबरी लिहिण्यापूर्वीं हें पुस्तक वाचलें होतें. आज विज्ञानकथांवर रचलेल्या भूमिका-खेळांत मुलें जुलमी राज्याविरुद्ध बंड करणाऱ्यांचीं सोंगें घेतात. अशा खेळांत हुकूमशहा म्हणजे सैन्य बाळगणारा एक दुष्ट माणूस, एवढेंच बहुधा दिसतें. झाम्यातिनची शिकवण याहून खोल आहे. निर्धास्त सुखाच्या बदल्यांत प्रजा आपण होऊन विचार करणें सोडते, तेव्हांच जुलमाचें राज्य पक्कें होतें. विद्यार्थ्यांनीं हें सदैव ध्यानीं ठेवावें.