घोड्यामागचा माणूस

सचिनला २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळालेली लाल फेरारी आठवते ना? तिचं पूर्ण नाव फेरारी ३६० मोडेना. गाडी सगळ्यांच्या लक्षात आहे, पण हे 'मोडेना' काय प्रकरण आहे, ते फारसं कुणी विचारत नाही. मोडेना हे उत्तर इटलीतलं एक शहर. तिथे १८९८ साली एन्झो फेरारी जन्मला. मित्रांनो, गंमत अशी, की ज्याच्या इंजिनांचे फोटो आपण होस्टेलच्या भिंतींवर लावतो, तो माणूस इंजिनिअर नव्हताच!

वडिलांचा लोखंडी कामाचा लहानसा कारखाना होता. १९०८ मध्ये त्यांनी दहा वर्षांच्या एन्झोला बोलोन्याला मोटारींची शर्यत दाखवायला नेलं आणि पोरगं कायमचं वेडं झालं. १९१६ या एकाच वर्षात वडील गेले, थोरला भाऊही गेला. सैन्यात भरती झाला, तर काम मिळालं खेचरांना नाल ठोकायचं. आजारी पडून तिथूनही सुटला. मग १९१८ मध्ये तुरीनला फियाटकडे नोकरी मागायला गेला. फियाटने त्याला नाही म्हटलं. (कॅम्पस इंटरव्ह्यूत आपटलेल्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.)

१९२० मध्ये तो अल्फा रोमिओचा शर्यतीचा ड्रायव्हर झाला. ड्रायव्हर म्हणून चांगला होता, पण महान नव्हता, आणि हे त्याचं त्यालाच लवकर कळलं. त्याची खरी ताकद वेगळीच होती. कोणत्या माणसात काय दम आहे, हे त्याला अचूक दिसायचं. १९२३ मध्ये त्याने फियाटमधला व्हित्तोरियो यानो हा डिझायनर अल्फाकडे वळवून आणला. यानोच्या पी-२ गाडीने १९२५ ची जागतिक स्पर्धा जिंकली. उधळलेला काळा घोडाही १९२३ मधलाच. युद्धात मारला गेलेला वैमानिक फ्रांचेस्को बराक्का याच्या विमानावरचं ते चिन्ह होतं. त्याच्या आईने ते फेरारीला वापरायला सुचवलं. मागचा पिवळा रंग मोडेनाचा.

१९२९ मध्ये त्याने स्वतःची 'स्कुदेरिया फेरारी' ही टीम काढली आणि अल्फाच्या गाड्या पळवल्या. १९३९ मध्ये अल्फाशी फाटलं. अट अशी, की चार वर्षं शर्यतीत स्वतःचं नाव वापरायचं नाही! त्यात महायुद्ध आलं. मारानेल्लोला उभारलेल्या कारखान्यावर बॉम्ब पडले. तरी १९४७ मध्ये 'फेरारी' नावाची पहिली गाडी, १२५ एस, बाहेर पडली. दीड लिटरमध्ये बारा सिलिंडर! पहिल्या शर्यतीत ती बंद पडली, पण दोनच आठवड्यांत रोममध्ये जिंकली. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला फेरारीने अल्फालाच हरवलं.

पण या यशाची किंमतही मोठी होती. १९५६ मध्ये मुलगा दिनो स्नायूंच्या असाध्य आजाराने चोविसाव्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी मिल्ले मिलिया शर्यतीत फेरारीच्या गाडीचा टायर फुटला. दोघे स्पर्धक आणि नऊ प्रेक्षक गेले, त्यात पाच लहान मुलं होती. फेरारीवर मनुष्यवधाचा खटला चालला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला, पण शर्यती त्याने एक दिवसही थांबवल्या नव्हत्या. हे धैर्य म्हणायचं की निष्ठुरपणा, यावर आजही वाद होतात.

त्याच १९६१ च्या अखेरीस कारखान्यातच स्फोट झाला. पत्नीच्या ढवळाढवळीवरून भांडण पेटलं आणि चीफ इंजिनिअर कीती, डिझायनर बिझारिनी यांच्यासह सात-आठ मोठी माणसं एकदम बाहेर पडली. नवी २५० जीटीओ अर्धवट पडलेली. दुसरा कुणी असता तर बाहेरून अनुभवी माणूस आणला असता. फेरारीने मात्र सगळं तांत्रिक काम माउरो फोर्गिएरीच्या हातात दिलं. वय वर्षं २६, नुकताच डिग्री घेऊन लागलेला! या पोराने जीटीओच्या मागच्या अ‍ॅक्सलला वॉट लिंकेज बसवून गाडी ताळ्यावर आणली. होय, टीओएमच्या पेपरसाठी आपण रट्टा मारतो तेच वॉट मेकॅनिझम! फोर्गिएरी पुढे पंचवीस वर्षं तिथेच राहिला.

१९६२ ते ६४ मध्ये तीन लिटर इंजिनाच्या अशा फक्त ३६ जीटीओ बनल्या. शौकीन मंडळी आज त्यातली प्रत्येक गाडी चॅसी नंबरावरून ओळखतात. त्या काळी फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांना विषम नंबर असत आणि निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम. जीटीओ कागदोपत्री 'जीटी' गटातली, म्हणून शर्यतीची असूनही तिचा नंबर विषम. ३४१३ नंबरची जीटीओ २०१८ च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. आणि ३५८९? ती एकेकाळी टेक्ससमधल्या एका हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये होती आणि नंतर ओहायोत कित्येक वर्षं उघड्यावर पडून होती! खुद्द फेरारीला जुन्या गाड्यांचं कौतुक नव्हतं. शर्यतींचा खर्च निघावा म्हणून तो गाड्या विकायचा. त्याचं लक्ष कायम पुढच्या गाडीवर.

शर्यतींचा खर्च पेलेना, तेव्हा १९६९ मध्ये कंपनीचा निम्मा हिस्सा विकत घेतला तो फियाटनेच! फियाटच्या दारातून परत गेलेला पोरगा आता आपल्या अटींवर बोलत होता. शर्यतींचा विभाग त्याच्याच हातात राहिला.

१४ ऑगस्ट १९८८ ला, नव्वदाव्या वर्षी, तो गेला. त्या मोसमात मॅक्लारेन सोळापैकी पंधरा शर्यती जिंकली. हरली ती एकच, महिन्याभराने मोंझाला. तिथे पहिल्या दोन्ही गाड्या फेरारीच्या होत्या.

बोलोन्या विद्यापीठाने १९६० मध्येच त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची मानद पदवी दिली होती. आपली डिग्री तर चार वर्षांत हातात पडेल. पण माणसं ओळखणं आणि नवख्यावर विश्वास टाकणं, हे कोणत्याच सेमिस्टरला नसतं. ते त्याच्याकडून शिकावं. आणि त्याच्या विजयांची किंमत कोणी कोणी मोजली, तेही विसरू नये.