लघुगणकांचा जनक

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हिच्याजवळील मर्किस्टन गढीत इ. स. १५५० मध्ये जॉन नेपियर याचा जन्म झाला. तेराव्या वर्षी तो सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात दाखल झाला. पण पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे वडिलोपार्जित जमीनदारी सांभाळून तो गणितात रमू लागला. भोवतालच्या भोळ्या लोकांना मात्र तो जादूगार वाटे. त्याच्या कोंबड्याची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. घरात चोरी झाली, तेव्हा त्याने अंधाऱ्या खोलीत एक कोंबडा ठेवला. चोराचा हात लागताच हा कोंबडा आरवेल, असे सांगून त्याने नोकरांना एकेक करून आत पाठविले. कोंबड्याला काजळी फासलेली होती. निरपराध नोकरांचे हात काळे झाले; चोराने भीतीने हातच लावला नव्हता!

त्या काळी ज्योतिर्विदांना प्रचंड संख्यांचे गुणाकार-भागाकार करावे लागत. त्यांत काळ जाई आणि चुकाही होत. हे ओझे हलके कसे करावे, या विचाराने नेपियरला पछाडले. २, ४, ८, १६, ३२ ही श्रेढी पाहा. ४ हा २ चा दुसरा घात व ८ हा तिसरा. दोन आणि तीन मिळून पाच; २ चा पाचवा घात ३२, आणि तोच ४ व ८ यांचा गुणाकार. गुणाकाराच्या जागी बेरीज ठेवावी, हे लघुगणकाचे मर्म होय. कल्पना सांगावयास सोपी. पण कोष्टके हातानेच करावयाची होती. त्यासाठी नेपियर सुमारे २० वर्षे खपला. इ. स. १६१४ मध्ये त्याने ती लॅटिन ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध केली.

लंडनच्या ग्रेशम कॉलेजातील भूमितीचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज हा तो ग्रंथ वाचून भारावून गेला. इ. स. १६१५ च्या उन्हाळ्यात सुमारे ४०० मैलांचा प्रवास करून तो नेपियरच्या भेटीस आला. १० हा पाया धरल्यास कोष्टके अधिक सोयीची होतील, असे त्याने सुचविले. म्हणजे इतक्या वर्षांची आकडेमोड पुन्हा मांडावयाची! नेपियरचे वय ६५ आणि प्रकृती ढासळलेली. परंतु त्याने हट्ट धरला नाही. बदल हवा, हे त्यालाही जाणवले होते. १ चा लघुगणक ० असावा, ही सुधारणा तर त्यानेच सुचविली. काम मात्र त्याने ब्रिग्जच्या हाती सोपविले.

पुढील वर्षी ब्रिग्ज पुन्हा येऊन गेला. तिसऱ्या भेटीचा बेत होता. पण ४ एप्रिल १६१७ रोजी नेपियर निवर्तला. इ. स. १६२४ मध्ये ब्रिग्जने ३०,००० संख्यांचे लघुगणक १४ दशांश स्थळांपर्यंत काढून छापले.